नखे कुरतडण्याची सवय आणि सम्यक स्मृती



परीक्षा जवळ आली की अनेक मुलांची बोटे नकळत तोंडात जातात. भीती, ताण, कधी नुसता कंटाळा ही त्यामागची कारणे होत. परिणाम मात्र साधे नाहीत. नखांखालची घाण व जंतांची अंडी पोटात जातात, नखुरडे होऊन बोट सुजते, दातांच्या कडा झिजतात.

आपण मुलाला मारतो, चारचौघांत त्याची लाज काढतो. त्याने ताण वाढतो आणि ताणाने सवय वाढते.

१९७३ साली अझरिन व नन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी सवय मोडण्याची पद्धत मांडली. हात तोंडाकडे केव्हा जातो हे प्रथम स्वतः ओळखायचे. तसे होताच मूठ थोडा वेळ घट्ट मिटून धरायची. घरच्यांनी शाबासकी द्यायची. हात आखडताना, पसरताना भान ठेवावे, ही शिकवण सतिपट्ठान सुत्तातही आहे.

नखे वेळच्या वेळी कापा. बोट सुजले, पू झाला तर डॉक्टरांना दाखवा. सवय सुटतच नसेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यात कमीपणा नाही. मुलाला धाक नको, भान द्या.

नमो बुद्धाय! जयभीम!