मोहाचे दोन अर्थ

आमच्या घरात वारशाने आलेली मोलाची वस्तू म्हणजे एक पुस्तक. स. आ. जोगळेकरांनी संपादित केलेली हालाची ‘गाथासप्तशती’, १९५६ सालची. वडील धानोऱ्याला शिक्षक होते. त्यांच्यामागे ती माझ्याकडे आली. पुठ्ठा सुटलेला आणि पानापानांत वाळलेली पळसाची फुलं.

सातवाहन राजा हालाचा महाराष्ट्री प्राकृतातला हा सातशे गाथांचा संग्रह. संग्रह राजाचा, पण त्यातली माणसं बहुतेक खेड्यातली. त्यांच्या मनातलं पुष्कळदा वसंतातली फुलंच बोलतात. आंबा मोहरला की परगावी गेलेल्या नवऱ्याची वाट पाहणारीचा जीव कासावीस होतो. पोपटाच्या चोचीसारख्या पळसफुलांचा सडा पाहून एका कवीला बुद्धाच्या चरणी नमलेला भिक्षुसंघ आठवतो.

वडिलांची आवडती गाथा मात्र मोहाची. गोदाकाठच्या रानातल्या मोहाला एक बाई विनवते, फुलं सावकाश गळू देत. जुने टीकाकार म्हणतात, फुलं वेचण्याच्या निमित्तानं ती प्रियकराला भेटते. फुलं संपली की निमित्त संपलं. म्हणून वडिलांनी समासात पेन्सिलीनं लिहिलं होतं : ‘मोह – चोरटं प्रेम.’

आमच्या जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, सिरोंच्याजवळ, प्राणहिता गोदावरीला मिळते. त्यामुळे गोदाकाठचं रान वडिलांना परकं वाटत नसे. एकदा त्यांनी ही गाथा मोह वेचणाऱ्या एका आजीला सांगितली. प्रेमाची गोष्ट ऐकून ती लाजेल, असं त्यांना वाटलं होतं. आजी टोपली खाली ठेवून म्हणाली, “बरोबर हाये गुरुजी. एकाच दिवशी सारा पडला त वेचन कोन? अस्वल खाऊन जाईन.”

ती फुलं काय असतात, हे धानोऱ्यात राहिलेल्याला सांगायला नको. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे झाडाखाली पिवळसर, रसरशीत फुलांचा थर पडतो. उजाडायच्या आत बायका-मुलं टोपल्या घेऊन निघतात. फुलं अंगणात वाळवतात. काही घरात खायला राहतात, काही बाजारात जाऊन मिठा-तेलाचे पैसे होतात. बाहेरच्यांना मोह म्हटलं की दारूच आठवते. धानोरा तालुक्यातल्याच मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये आपल्या जंगलावरचा सामूहिक वनहक्क मिळाला. असा हक्क का मागावा लागतो, ते मला त्या आजीच्या टोपलीवरून कळतं.

वडिलांनी घरी येऊन समासात दुसरी ओळ लिहिली : ‘मोह – घरचं अन्न.’ पहिली खोडली नाही. ते योग्यच झालं. गाथेतल्या बाईलाही प्रियकर भेटला, तरी टोपली भरूनच घरी जावं लागलं असेल.

पेन्सिल आता पुसट झाली आहे. नातवंडांना मी हे पुस्तक दाखवतो, पण आधी त्यांना पहाटे मोहाखाली नेतो. हात चिकट झाले की मग गाथा सांगतो.