कान दाबा, पण पंप सोडू नका

सोयाबीनची मळणी सुरू झाली की आमच्या गटाच्या बैठकीत निम्म्या जणी पदराने नाक पुसत बसतात. भुसकट उडतं, बांधावर गाजरगवत कमरेएवढं फुललेलं असतं. त्याचे बारीक पराग नाकात गेले की शिंका थांबत नाहीत, डोळे चुरचुरतात.

मागच्या वर्षी आमच्यातली एक जण शिबिरातून कान दाबायचा उपाय शिकून आली. कानाचं वरचं टोक आणि भोकापुढचा छोटा उंचवटा चिमटीत धरून मिनिटभर दाबायचा, दिवसातून दोन-तीनदा. कुणी तिथे मेथीचा दाणा पट्टीने चिकटवतात. कानाचा असा नकाशा पॉल नोजिए या फ्रेंच डॉक्टरांनी १९५०च्या दशकात मांडला. कानाला डाग दिलेल्या काही रुग्णांचं पायात उतरणारं दुखणं थांबल्याचं त्यांना दिसलं होतं. आपल्याकडेही डाग देतात, पण तो मुळीच देऊ नका!

आम्ही दाबून पाहिलं. काहींना बरं वाटलं, काहींना काहीच नाही. अभ्यासही झालेत, पण बहुतेक लहान. थोडा आराम पडू शकतो, खात्री देता येत नाही.

आमची चूक पुढे झाली. एकीला दमा आहे. तिने दोन्ही कानांना मेथी लावली आणि तोंडाने ओढायचा पंप बंद केला. आठवड्याने रात्री छातीत शिट्ट्या वाजू लागल्या, एक वाक्य पुरं बोलता येईना. जीप मिळेपर्यंत आमचे हातपाय गळाले. वेळेत दवाखाना गाठला म्हणून निभावलं. 'करून बघ' सगळ्याच म्हणालो होतो, 'पंप चालू आहे ना?' एकीनेही विचारलं नव्हतं.

तेव्हा कान दाबायचा तर दाबा, औषध मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका. दाणा लावलाच तर दोन-तीन दिवसांत काढा; कान लाल झाला, दुखला तर लगेच. मळणीला नाकातोंडावर फडकं घट्ट बांधा, घरी आल्यावर तोंड धुवा, लुगडं बदला. शिंकांची गोळी आरोग्य केंद्रात विचारून घ्या. काहींनी गुंगी येते, मग मळणीयंत्राजवळ जाऊ नका. धाप लागली तर वाट पाहू नका, १०८ला फोन करा.

गाजरगवत फुलण्याआधी, जमीन ओली असताना मुळासकट उपटावं, हातात पिशवी घालून. यंदा आम्ही श्रावणातच दोन बांध साफ केले. तीही निघाली होती, पण तिला आम्ही घरीच बसवलं. चहा तिच्याकडे होता.