पाकिटातला जीव

वनस्पती आणि सूक्ष्मजीवांच्या सहजीवनावरची परिषद सोलापुरातच का? तर पाऊस बेभरवशाचा, जमीन चुनखडीची, खताला पैसा बेताचा. १९३३ मध्ये कोरडवाहू शेतीचं संशोधन इथे सुरू झालं, तेही अवर्षणापायीच.

चुनखडीच्या जमिनीत टाकलेला स्फुरद चुन्याशी बांधला जातो, मुळांच्या हाती लागत नाही. मायकोरायझा बुरशीचे तंतू मुळांच्या पलीकडे पसरून तो आणतात आणि मोबदल्यात झाडाकडून साखर घेतात. चाळीस कोटी वर्षांचा हा रोखीचा व्यवहार; स्फुरदाचा भरमसाट डोस दिला, की झाड हात आखडता घेतं. नान्नजच्या माळढोक अभयारण्यातल्या गवताला कुणी डीएपी खत टाकत नाही, तरी ते उगवतंच.

डाळिंबाच्या मुळांतही ही बुरशी राहते. पण केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र असताना मी त्यावर बोलणं बरं नव्हे. मी बी-बियाण्यांचा दुकानदार. मला ठाऊक ते कडधान्याच्या मुळांवर गाठी धरवणाऱ्या रायझोबियम जिवाणूंचं पाकीट. पाव किलोचं पाकीट दहा-पंधरा किलो बियाण्याला पुरतं. गुळाच्या पाण्यात कालवून हलक्या हाताने चोळायचं, सावलीत सुकवायचं, लगेच पेरायचं. बुरशीनाशक लावायचं तर आधी. हरभऱ्याचं तुरीला चालत नाही. हे सगळं पाकिटावर छापलेलं असतं. पण सोलापूरच्या मे महिन्यात, बेचाळीसच्या वर पारा असताना, पत्र्याच्या गोदामात आतल्या जिवाणूंचं काय होतं, ते कुणी छापत नाही. तेच पाकीट पेरणीला विकलं जातं, गाठी धरत नाहीत आणि शेतकरी म्हणतो, जिवाणू खत थोतांड आहे. त्याचं काय चुकलं? शास्त्रज्ञांनो, नवनवे जिवाणू शोधायला जेवढं डोकं लावता, त्याच्या निम्मं तरी ते शेतापर्यंत जिवंत पोचवायला लावा. यजमानाचा एवढा हट्ट पुरवा.

उद्या शिवारफेरी आहे. हरभरा हिसका देऊन उपटू नका, गाठी मातीतच राहतात. खुरप्याने ढेकळासकट काढा, बादलीत भिजवून धुवा आणि गाठ नखाने फोडा. आत गुलाबी असेल तर नत्राचं काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवट निघाली तर काम बंद.

बस सकाळी सातला इथूनच सुटेल. खुरपी-बादल्या आमच्याकडून, दुपारी मालदांडीचा हुरडा आणि शेंगाचटणीही.