उपग्रह, जडत्व आणि शहराची पातळी : कोलकात्यातील सर्वेक्षण-वाहनाचा धडा

(व्याख्यानाचा संपादित मजकूर)



१८३१-३२ च्या हिवाळ्यात कलकत्त्याच्या उत्तरेस, बराकपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक विलक्षण मोजणी चालली होती. जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या देखरेखीखाली सर्वेक्षकांचा ताफा लोखंड व पितळ यांच्या जोडपट्ट्या एकापुढे एक मांडत सहा मैलांहून अधिक लांबीची आधाररेषा मोजत होता. उष्णतेने धातू प्रसरण पावला तरी पट्टीवरील दोन खुणांमधील अंतर बदलू नये, अशी या पट्ट्यांची रचना होती. बंगालच्या सपाट भूमीवर दूरचे दिसावे म्हणून आधाररेषेच्या टोकांना मनोरे उभारण्यात आले. त्याच १८३१ साली राधानाथ सिकदर हा बंगाली तरुण गणक म्हणून या सर्वेक्षणात दाखल झाला. पुढे एव्हरेस्ट शिखराच्या उंचीच्या गणिताशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले.

पृथ्वी मोजण्यापूर्वी मोजण्याचे साधन स्वतः मोजून घ्यावे लागते, हा त्या मोजणीचा धडा होय. आज त्याच रस्त्यावरून उपग्रह-ग्राहक व जडत्वीय संवेदक बसवलेले वाहन तासाभरात कित्येक किलोमीटरचा नकाशा टिपू शकते. साधने पार बदलली, धडा मात्र बदललेला नाही.

दोन साधने, दोन स्वभाव

जडत्वीय संवेदकात परस्परांना काटकोनात बसवलेले तीन त्वरणमापक आणि तीन जायरोस्कोप असतात. त्वरणमापक वेगातील बदल टिपतो, तर जायरोस्कोप वळण्याचा दर टिपतो. त्वरणाचे एकदा संकलन केले की वेग मिळतो आणि दुसऱ्यांदा केले की कापलेले अंतर मिळते. या साधनाला बाहेरच्या कोणत्याही संदेशाची गरज नसते. बोगदा, पूल, उंच इमारती यांपैकी कशानेही ते थांबत नाही. सेकंदाला शेकडो वेळा ते वाहनाची हालचाल सांगत राहते.

त्याचा दोष मात्र त्याच संकलनात दडलेला आहे. त्वरणमापकात गुरुत्वत्वरणाच्या केवळ हजाराव्या भागाइतकी स्थिर चूक असली, तरी एका मिनिटात स्थानात सुमारे १८ मीटरची चूक साचते आणि ती वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत जाते.

उपग्रह-ग्राहकाचा स्वभाव याच्या नेमका उलट आहे. त्याची चूक वेळेनुसार साचत नाही, परंतु त्याला मोकळे आकाश लागते. सुमारे २०,००० किलोमीटरवरून येणारा जीपीएसचा संदेश अतिशय क्षीण असतो. इमारतींच्या दाटीत तो अडतो, भिंतींवरून परावर्तित होऊन लांबच्या वाटेने येतो आणि ग्राहकाची दिशाभूल करतो.

एक साधन अल्पकाळ विश्वासार्ह, तर दुसरे दीर्घकाळ. १९६० मध्ये रुडॉल्फ काल्मन यांनी मांडलेल्या गणिती गाळणीच्या आधारे या दोहोंचा मेळ घातला जातो. प्रत्येक क्षणी कोणावर किती विश्वास ठेवावा हे ही गाळणी ठरवते. उपग्रह उपलब्ध असताना ती जडत्वीय संवेदकाच्या चुका ओळखून ठेवते आणि उपग्रह दिसेनासे झाले की त्या चुका वजा करून वाट काढते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरील एक किलोमीटरचा बोगदा ताशी ८० किलोमीटर वेगाने पार करण्यास ४५ सेकंद लागतात. तेवढा काळ वाहनाचे स्थान सांगणारे हेच गणित असते.

कोलकाताच का?

या तंत्राची खरी कसोटी कोलकात्यात लागते. त्याची कारणे जमिनीवरही आहेत आणि आकाशातही.

जमिनीवर उत्तर कोलकात्याच्या अरुंद गल्ल्या, उड्डाणपुलांखालचे रस्ते आणि १९४३ मध्ये वाहतुकीस खुला झालेला हावडा पूल आहे. हा पूल म्हणजे पोलादाचा प्रचंड सांगाडाच. अशा ठिकाणी उपग्रह-संदेशांचे परावर्तन अटळ असते.

आकाशातील कारण अधिक सूक्ष्म आहे. चुंबकीय विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना काही अंतरावर आयनांबरातील इलेक्ट्रॉनांची घनता शिगेला पोहोचते. कोलकाता या उत्तरेकडील शिखरपट्ट्याच्या लगत येते. सूर्यावरील घडामोडी तीव्र असलेल्या वर्षांत, विशेषतः मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर या काळात, सूर्यास्तानंतर तेथे उपग्रह-संदेश थरथरू लागतात. कधी ग्राहकाची उपग्रहावरील पकडच सुटते. शिशिरकुमार मित्र यांनी पाया घातलेल्या कलकत्ता विद्यापीठाच्या रेडिओ-भौतिकी परंपरेने आयनांबराचा अभ्यास पिढ्यान्‌पिढ्या केला आहे. सर्वेक्षकाच्या दृष्टीने त्याचा व्यावहारिक अर्थ सोपा आहे. अशा दिवसांत मोजणी सूर्यास्तापूर्वी उरकावी आणि संध्याकाळी काम करणे भाग असेल तर जडत्वीय संवेदकाचा दर्जा उंचावावा.

आयनांबरामुळे येणाऱ्या चुकांची दुरुस्ती पुरवणाऱ्या ‘गगन’ या भारतीय प्रणालीच्या १५ संदर्भकेंद्रांपैकी एक कोलकात्यात आहे. येथे परीक्षार्थींनी एक भेद लक्षात ठेवावा. ‘गगन’ ही प्रामुख्याने विमान वाहतुकीसाठी उभारलेली, अन्य प्रणालींच्या संदेशांत सुधारणा करणारी व्यवस्था आहे, तर ‘नाविक’ ही भारताची स्वतंत्र दिक्चालन प्रणाली आहे. ‘नाविक’चा पहिला उपग्रह आयआरएनएसएस-१ए जुलै २०१३ मध्ये सोडण्यात आला. नव्या पिढीतील एनव्हीएस-०१ हा उपग्रह स्वदेशी रुबिडियम घड्याळासह २९ मे २०२३ रोजी प्रक्षेपित झाला. ‘गगन’मुळे मिळणारी अचूकता मीटरच्या घरातील असते. सेंटिमीटरच्या घरातील अचूकतेसाठी जमिनीवरील संदर्भकेंद्राकडून मिळणाऱ्या दुरुस्त्या लागतात. त्यासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाने अखंड कार्यरत संदर्भकेंद्रांचे जाळे उभारण्याचे काम हाती घेतले.

बसवणी : पान्हा आणि मोजपट्टी यांचे महत्त्व

संवेदक वाहनावर कोठे व कसा बसवावा, हे काम वरकरणी किरकोळ वाटते. प्रत्यक्षात पुढील सर्व अचूकता त्यावर अवलंबून असते.

पहिला नियम दृढतेचा. संवेदक, उपग्रहाचा अँटेना आणि कॅमेरा किंवा लेझर-यंत्र ही सर्व एकाच ताठ चौकटीवर नट-बोल्टने आवळलेली असावीत. रबरी गादीवर किंवा चिकटपट्टीने बसवलेला संवेदक वाहनाची नव्हे, तर गादीची हालचाल मोजतो. अँटेना टपावर सर्वांत उंच जागी आणि अन्य प्रक्षेपकांपासून दूर असावा.

दुसरा नियम अक्षांचा. संवेदकावरील बाणाची दिशा आणि वाहनाची पुढची दिशा एकच असावी. तसे शक्य नसल्यास दोहोंमधील कोन मोजून प्रणालीत नोंदवावा. एका अंशाची चूक क्षुल्लक वाटते, परंतु २० मीटरवरील विजेचा खांब त्यामुळे नकाशात सुमारे ३५ सेंटिमीटर सरकतो.

तिसरा नियम भुजांतराचा. उपग्रह-ग्राहक अँटेनाचे स्थान सांगतो, तर जडत्वीय संवेदक स्वतःची हालचाल सांगतो. या दोन बिंदूंमधील पुढे-मागे, डावे-उजवे आणि वर-खाली अशी तिन्ही अंतरे सेंटिमीटरपर्यंत मोजून भरावी लागतात. येथे चिन्हाची चूक विशेष घातक ठरते. बऱ्याच प्रणालींत खालची दिशा धन मानतात. संवेदकापेक्षा दीड मीटर उंचावर असलेल्या अँटेनाची नोंद उणेऐवजी अधिक चिन्हाने झाली, तर उंचीत ३ मीटरची चूक शिरते.

चाकावरील गतिमापक हा चौथा साथीदार. वाहतूक कोंडीत वाहन थांबले की हा मापक वेग शून्य असल्याचे सांगतो आणि त्या विश्रांतीत गाळणीला संवेदकाची चूक उघडी दिसते. कोलकात्याच्या कोंडीचा असाही एक उपयोग आहे! मात्र टायरमधील हवेनुसार चाकाचा परिघ बदलतो. त्यात एक टक्क्याची तफावत असेल, तर ५०० मीटरच्या अंतरात ५ मीटरचा फरक पडतो.

मांडणी : दिशा, वेळ आणि सराव-फेरी

यानंतर प्रणालीची मांडणी करावयाची. वाहनाचा प्रकार, कोणत्या उपग्रह-प्रणाली वापरावयाच्या आणि नोंदींचा वेग किती ठेवावयाचा, हे प्रथम निश्चित केले जाते.

आरंभीची दिशा ठरवणे हा यातील अवघड प्रश्न होय. पृथ्वी ताशी सुमारे १५ अंश फिरते. कोलकात्याच्या अक्षांशावर या भ्रमणाचा क्षितिजसमांतर घटक ताशी सुमारे १४ अंश असतो. अत्यंत उच्च दर्जाचे जायरोस्कोप तो ओळखून उत्तर दिशा शोधतात. स्वस्त सूक्ष्म संवेदकांच्या स्वतःच्या चुकाच तेवढ्या असल्याने त्यांना ते साधत नाही. होकायंत्राचाही आधार घेता येत नाही, कारण वाहनाचे पोलाद त्याला चकवते. म्हणून टपावर दोन अँटेना बसवून त्यांना जोडणाऱ्या रेषेवरून दिशा काढतात. अँटेनांमधील अंतर एक मीटर असताना एक सेंटिमीटरच्या सापेक्ष चुकीने दिशेत अर्ध्या अंशाहून थोडा अधिक फरक पडतो. अंतर दुप्पट केले की हा फरक निम्मा होतो.

वेळेचा मेळही तितकाच आवश्यक आहे. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. कॅमेऱ्याचे घड्याळ सेकंदाच्या विसाव्या भागाने मागे असले तरी प्रत्येक छायाचित्र अर्धा मीटर चुकीच्या जागी पडते. यासाठी उपग्रह-ग्राहकाकडून दर सेकंदाला मिळणारा स्पंद सर्व यंत्रांना पुरवला जातो.

शेवटी सराव-फेरी. वाहन काही मिनिटे स्थिर ठेवावे. त्यानंतर मैदान परिसरातील किंवा न्यू टाउनमधील रुंद रस्त्यांसारख्या मोकळ्या आकाशाच्या जागी त्यास वेग द्यावा, थांबवावे, डावी-उजवी वळणे घ्यावीत. सरळ व संथ चालणाऱ्या वाहनात काही चुका गाळणीला दिसतच नाहीत. वळणांनी आणि वेगबदलांनी त्या प्रकट होतात.

जी चूक परतीच्या फेरीतही दिसत नाही

पडताळणीची सर्वमान्य रीत म्हणजे एकाच रस्त्यावरून जाणे व परत येणे. भुजांतरात पुढच्या दिशेने १० सेंटिमीटरची चूक असेल, तर जाताना व येताना तोच खांब २० सेंटिमीटर अंतराने दोन ठिकाणी दिसतो आणि चूक पकडली जाते. उंचीतील चूक मात्र वाहन उलटे फिरल्याने उलटत नाही. दोन्ही फेऱ्यांत ती सारखीच राहते, त्यामुळे दोन्ही नोंदी परस्परांशी तंतोतंत जुळतात आणि तरीही दोन्ही चुकीच्या असतात.

कोलकात्यात नेमकी हीच चूक सर्वाधिक महागात पडू शकते. हे शहर समुद्रसपाटीपासून अवघे काही मीटर उंच आहे आणि हुगळीच्या काठाकडून पूर्वेकडील पाणथळ भूमीकडे त्याचा मंद उतार आहे. हजारास एक असा उतार असल्यास १०० मीटरमध्ये केवळ १० सेंटिमीटरचा फरक पडतो. रस्त्याची पातळी वाहनाने मोजली, गटाराच्या तळाची पातळी जुन्या नोंदीतून घेतली आणि नदीची पातळी खिदिरपूरच्या जुन्या गोदीच्या उंबरठ्यापासून मोजलेली असली, तर या तिन्ही शून्यांचा मेळ बसल्याशिवाय पाणी कोणीकडे वाहील हे सांगता येत नाही. कागदावर उताराने जाणारे पाणी प्रत्यक्षात वस्तीत साचते. २२-२३ सप्टेंबर २०२५ च्या रात्री झालेल्या अतिवृष्टीत कोलकात्याचे रस्ते पाण्याखाली गेले आणि विजेचा धक्का बसून नागरिकांचे मृत्यू झाले. पाणी कोठे, किती साचेल हा अशा शहरात जीवनमरणाचा प्रश्न ठरतो.

यात आणखी एक खाच आहे. उपग्रहावरून मिळणारी उंची ही समुद्रसपाटीपासूनची नसून गणिती लंबगोलापासूनची असते. कोलकात्यात या दोहोंमध्ये सुमारे ५० मीटरहून अधिक अंतर असल्याने दुरुस्ती न केलेल्या नोंदीत सारे शहर शून्याच्या कितीतरी खाली दिसते. आडव्या मोजणीतही असाच भेद आहे. एव्हरेस्ट लंबगोलावर आधारलेले जुने नकाशे आणि आजची जागतिक संदर्भप्रणाली यांच्यात येथे दोनशे मीटरहून अधिक फरक पडतो. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नागरी वापराच्या नकाशांसाठी डब्ल्यूजीएस-८४ ही संदर्भप्रणाली स्वीकारली, त्यामागील गरज यावरून स्पष्ट व्हावी.

म्हणूनच वाहन दररोज निघताना व परतताना सर्वेक्षण विभागाच्या ज्ञात पातळीच्या खुणेपाशी थांबवून उंची ताडून पाहणे, संवेदक काढून पुन्हा बसवल्यास सर्व अंतरे नव्याने मोजणे आणि वापरलेल्या संदर्भपातळीची नोंद प्रत्येक नकाशासोबत ठेवणे, ही त्रिसूत्री अपरिहार्य ठरते. कच्च्या नोंदी जपून ठेवल्यास नंतर कार्यालयात त्या पुढून मागे आणि मागून पुढे अशा दोन्ही दिशांनी सोडवता येतात. बोगद्यात किंवा पुलाखाली साचलेली चूक त्यामुळे दोन्ही टोकांनी आवळली जाते.

धोरणाची बाजू

१५ फेब्रुवारी २०२१ रोजी विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने भू-स्थानिक माहितीविषयक मार्गदर्शक सूचना जारी केल्या आणि भारतीय संस्थांवरील पूर्वपरवानगीची बंधने मोठ्या प्रमाणात दूर झाली. वाहनाद्वारे होणारे भू-मापन अचूकता कितीही असली तरी केवळ भारतीय संस्थांनाच करता येईल, अशी तरतूद त्यात आहे. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय भू-स्थानिक धोरण अधिसूचित झाले.

परवानगीची अट गेली, त्याबरोबर तपासणीची जबाबदारी मोजणी करणाऱ्याकडे आली. महानगरपालिका, जलनिस्सारण विभाग आणि आपत्ती व्यवस्थापन यंत्रणा नकाशा हाती घेतात तेव्हा संवेदकाचा बोल्ट सैल होता की घट्ट, हे त्यांना दिसत नाही. त्यांना दिसतात ते फक्त आकडे. निविदेत उपकरणाच्या क्षमतेबरोबर भुजांतराची नोंद, सराव-फेरीचा अहवाल आणि ज्ञात खुणेशी घेतलेला ताळा यांचीही अट घातली, तर त्या आकड्यांवर भरवसा ठेवता येईल. त्यासाठी लागतो मोजपट्टी, वही आणि अर्ध्या दिवसाचा वेळ. बराकपूरच्या रस्त्यावरील आधाररेषेला त्यासाठी एक अख्खा हिवाळा द्यावा लागला होता.