मुलाचे पासबुक आणि मोठ्यांची सही
(नभोवाणीवरील भाषण)



दत्तकविधान म्हटले की आपल्या मागच्या पिढ्यांच्या डोळ्यांपुढे गादी, जहागीर, वतन आणि नजराणा यांचेच चित्र उभे राहत असे, आणि ते स्वाभाविकही होते. कारण १८४८ साली दत्तक नामंजूर ठरवून कंपनी सरकारने साताऱ्याचे राज्य खालसा केले, तर १८७५ साली नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा एका शेतकरी घरातला बारा वर्षांचा मुलगा दत्तक जाऊन बडोद्याच्या गादीवर बसला, आणि १८८१ च्या अखेरीस राज्याची मुखत्यारी त्याच्या हाती येईपर्यंत सारी वहिवाट दिवाण सर टी. माधवराव यांनी पाहिली.

आज दत्तक जाणाऱ्या बालकापुढे गादी नसते. असते ते फार तर पोस्टाचे एक पासबुक. तथापि त्या पासबुकाविषयी उपस्थित होणारा प्रश्न बडोद्याच्या खजिन्याविषयीच्या प्रश्नाहून तत्त्वतः निराळा नाही: धनी अज्ञान असताना त्याच्या धनाची वहिवाट कोणी आणि कोणत्या अधिकाराने करावी, आणि मध्येच धन्याचे घरच बदलले तर त्या वहिवाटीचे काय व्हावे? हा विचार मी आज दत्तक मुले आणि संगोपनासाठी दुसऱ्या कुटुंबाच्या स्वाधीन केलेली मुले, अशा दोन वर्गांच्या संबंधाने करणार आहे. लोकव्यवहारात हे दोन्ही वर्ग 'दुसऱ्याचे मूल सांभाळले' या एकाच सदराखाली जमा होतात, आणि पुढे पैशाच्या बाबतीत जो घोळ होतो त्याचे मूळ बहुतेक वेळा या एका सदरातच सापडते.

दत्तकाची गोष्ट कायद्याने पूर्ण आहे. १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा घ्या किंवा सर्व धर्मांच्या लोकांना खुला असलेला २०१५ चा बाल न्याय कायदा घ्या, विधान पुरे झाले की ते मूल सर्व प्रयोजनांसाठी दत्तक आईबापांचे होते आणि पालकत्वाचा अधिकार त्यांच्याकडे येतो. पूर्वी बाल न्याय कायद्याखालचा दत्तकाचा हुकूम न्यायालयातून निघे. १ सप्टेंबर २०२२ पासून तो जिल्हा दंडाधिकारी, म्हणजे व्यवहारात आपले जिल्हाधिकारी, देतात. परंतु या दोन्ही कायद्यांत एक लहानसे परंतुक आहे, ज्याच्याकडे बारशाच्या आणि पेढ्यांच्या गडबडीत कोणाचेच लक्ष जात नाही. दत्तक जाण्यापूर्वी जी मिळकत त्या बालकाची होती ती दत्तक गेल्यानंतरही त्याचीच राहते. त्या मिळकतीवर काही बोजा असेल तर तोही तिच्याबरोबर राहतो. जन्मघराशी असलेले नाते तुटले म्हणून त्या घरात असताना मुलाच्या नावे जमा झालेला पैसा जन्मघराकडे परत जात नाही, आणि नव्या घरात मूल आले म्हणून तो नव्या घराचाही होत नाही.

उदाहरणादाखल असे समजा की, कराडच्या बाजूला एका सात वर्षांच्या मुलीचे आईबाप अपघातात गेले, आणि मुंबईच्या मावशीने तिला रीतसर दत्तक घेतले. आईने तिच्या जन्मानंतर गावच्या पोस्टात सुकन्या समृद्धीचे खाते उघडून ठेवले होते. मावशी प्रेमळ आहे, शिकलेली आहे. पण कराडचे ते पासबुक ट्रंकेच्या तळाशी जाते, आणि 'आता हिच्यासाठी नव्याने सगळे करू' अशा सद्भावनेने ती मुंबईत दुसरे खाते उघडावयास निघते. येथे नियम आडवा येतो, कारण एका मुलीच्या नावे या योजनेत एकच खाते चालते. तेव्हा दुसरे खाते न उघडता कराडचेच खाते मुंबईस बदलून घ्यावयाचे, मृत आईच्या जागी पालक म्हणून मावशीची नोंद करावयाची, आणि मधल्या वर्षांत भरणा राहिला असेल तर वर्षाकाठी पन्नास रुपये दंड आणि किमान २५० रुपये भरून ते पुन्हा चालू करावयाचे, हाच मार्ग आहे. त्यासाठी मृत्यूचा दाखला, दत्तकाच्या हुकुमाची साक्षांकित प्रत, नवा जन्मदाखला आणि मावशीची ओळखपत्रे एवढे दस्तऐवज घेऊन जावे लागते. काम एका फेरीत होईल असे मी म्हणत नाही.

सुकन्या समृद्धी योजना जानेवारी २०१५ मध्ये सुरू झाली, आणि तिचे आकर्षण तिच्या व्याजात आहे. दर तिमाहीस फेरविचार होणारा हा दर जानेवारी २०२४ मध्ये ८.२ टक्के झाला, आणि महिन्याच्या पाच तारखेच्या आत भरणा केला तर त्या महिन्याचेही व्याज पदरी पडते. वर्षाकाठी दीड लाखापर्यंत, पंधरा वर्षे भरणा करावयाचा आणि खाते उघडल्यापासून एकवीस वर्षांनी रक्कम मिळावयाची; मात्र अठरा वर्षे पुरी झाली किंवा मुलगी दहावी उत्तीर्ण झाली की शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. एवढे सारे चांगले असताना मला एक उणीव वारंवार सलते. दहा वर्षे पुरी झालेल्या मुलीच्या नावे हे खाते उघडता येत नाही. जन्मापासून आईबापांजवळ असलेल्या मुलीला या अटीचा काही जाच नाही. तिला दहा वर्षांचा अवधी मिळतो. पण अकराव्या वर्षी ज्या मुलीला प्रथमच आईबाप मिळाले, तिच्यासाठी ही अट म्हणजे घर उशिरा मिळाल्याची दुसरी शिक्षा होय. मोठ्या वयाच्या बालकांना दत्तक घ्या असे आवाहन एका हाताने करावयाचे आणि दुसऱ्या हाताने हे दार लावून घ्यावयाचे, यात विसंगती आहे. दत्तकाच्या हुकुमापासून वर्षभराची सवलत देणे कोणत्याही खजिन्याला जड जाऊ नये. तोपर्यंत अशा मुलीसाठी, आणि मुलांसाठी तर सदैवच, सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचे खाते किंवा पोस्टातील मुदतठेव हे मार्ग आहेत. भविष्य निर्वाह निधीत मात्र पालकाचा स्वतःचा भरणा आणि बालकाच्या नावचा भरणा मिळून दीड लाखाची मर्यादा आहे, हे विसरू नये.

आता खिडकीपलीकडचा व्यवहार पाहू. अज्ञान बालकाच्या खात्यातून पैसे काढताना पालकाला एक प्रमाणपत्र लिहून द्यावे लागते. त्यात असे म्हणावयाचे असते की, ही रक्कम त्या बालकाच्या उपयोगासाठी हवी आहे, ते बालक हयात आहे, आणि ते अद्याप अज्ञान आहे. घाईत सही ठोकणाऱ्या माणसाला हे वाक्य कारकुनी वाटते. माझ्या मते पोस्टाच्या साऱ्या छापील वाङ्मयात याच्याइतके नेमके वाक्य दुसरे नसेल, कारण पालकाच्या अधिकाराच्या तिन्ही सीमा त्यात आल्या आहेत: पैसा दुसऱ्याचा आहे, तो दुसरा जिवंत आहे, आणि तुमचा अधिकार त्याच्या अठराव्या वाढदिवसाला संपणार आहे.

पालक कोण, या प्रश्नावरही बरेच पाणी वाहून गेले आहे. लेखिका गीता हरिहरन यांनी आपल्या अज्ञान मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेकडे रोख्यांसाठी अर्ज केला, तेव्हा त्यांना वडिलांची सही आणावयास सांगण्यात आले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९९९ साली न्यायालयाने आईचे पालकत्व वडिलांच्या हयातीतही मान्य होऊ शकते असा अर्थ लावला. एकट्या स्त्रीने दत्तक घेतलेल्या बालकाच्या बाबतीत तर वडिलांचा प्रश्नच उद्भवत नाही. तरीही 'वडिलांचे नाव' या रकान्यावर पेन थांबवून समोरचा गृहस्थ वर पाहतो, आणि मागे रांग उभी असते. अशा वेळी त्या आईने सारी कर्मकहाणी सांगत बसू नये. हुकुमाची प्रत पुढे करावी आणि जरूर तर पोस्टमास्तरांना आत भेटावे. मुलाचे पूर्वीचे नाव रांगेपुढे मोठ्याने वाचले जाऊ नये, एवढी अपेक्षा करण्याचा तिला पूर्ण हक्क आहे.

संगोपनाची गोष्ट याहून नाजूक आहे. बालकल्याण समितीच्या आदेशाने जे कुटुंब एखाद्या बालकाला काही काळासाठी सांभाळते, त्या कुटुंबाच्या स्वाधीन बालक असते. त्याची मिळकत नसते. १९५६ च्याच हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने स्पष्ट केले आहे की, केवळ प्रत्यक्षात मूल सांभाळतो एवढ्या कारणावरून कोणालाही त्याच्या मिळकतीचा व्यवहार करता येणार नाही. तसा अधिकार हवा असेल तर १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली जिल्हा न्यायालयातून पालकत्वाचा दाखला घ्यावा लागतो. हे कठोर वाटेल, विशेषतः नातवंडांना सांभाळणाऱ्या आजीआजोबांना. पण ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयाने जे निर्देश दिले त्यांतही हेच तत्त्व आहे: कायदेशीर पालक नसलेल्या आजीआजोबांनी उघडलेली सुकन्या खाती नैसर्गिक किंवा कायदेशीर पालकाच्या नावे वर्ग करून घ्यावयाची. पैसा आजीने घातला म्हणून सहीचा अधिकार आजीला मिळत नाही.

याच ठिकाणी दोन प्रकारच्या रकमांतील भेद लक्षात ठेवला पाहिजे. आपल्या राज्याच्या बालसंगोपन योजनेतून दरमहा मिळणारे २,२५० रुपये हे दूध, वह्या, चपला आणि औषध यांसाठी आहेत. ते खर्चावयाचेच आहेत, आणि ते खर्चल्याबद्दल कोणी अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही. याउलट कोविडमध्ये आईबाप गमावलेल्या बालकांसाठी राज्य शासनाने २०२१ मध्ये पाच लाखांची मुदतठेव देण्याचा निर्णय केला, आणि त्याच वर्षी 'पीएम केअर्स'मधून अशा बालकांच्या नावे पोस्टात रक्कम ठेवण्याची योजना आली. या दुसऱ्या योजनेत अठरा वर्षांची होईपर्यंत दहा लाख व्हावेत अशी ती रक्कम असते, अठरा ते तेवीस या वयात तिच्यातून दरमहा वेतन मिळते, आणि तेविसाव्या वर्षी मुद्दल हाती येते. दत्तक आईबाप गमावलेली मुलेही या योजनेत धरली होती, ही गोष्ट मला विशेष समाधानाची वाटते. ही ठेव म्हणजे कुटुंबाला मिळालेले साहाय्य नव्हे. ज्या काकाने पुतण्याला आसरा दिला, त्याच्या घराच्या छपराची दुरुस्ती तिच्यातून व्हावयाची नाही, मग त्याच छपराखाली पुतण्याही झोपत असला तरीही. काकाची अडचण खरी असते, आणि तिच्यासाठी शासनाने निराळी तरतूद करावी असे म्हणणे रास्त आहे. पण ठेवीकडे बोट दाखविणे रास्त नाही.

लबाडीने गिळलेल्या पैशापेक्षा विस्मृतीत गेलेला पैसा अधिक असावा, असा माझा समज आहे. संगोपनातील बालक एका घरातून दुसऱ्या घरी, तेथून बालगृहात, कधी परत आईकडे जाते. कपड्यांची पिशवी बरोबर जाते, शाळेचा दाखला मागाहून येतो, आणि पासबुक कोणाच्या तरी कपाटात राहते. म्हणून समितीचा आदेश निघताच खाते क्रमांक, पोस्टाचे नाव आणि शिल्लक यांची एक नोंद बालकाच्या फायलीत असावी, आणि मूल हलले की पासबुक सही घेऊन पुढच्या हाती द्यावे. दहा वर्षे पुरी झाली की मुलाला पोस्टातले साधे बचत खाते स्वतःच्या सहीने चालविता येते. ते त्याला चालवू द्यावे.

आणि अठरा वर्षे पुरी झालेल्या तरुणांपैकी कोणी हे ऐकत असतील तर त्यांच्यासाठी एक शेवटची गोष्ट. अल्पबचतीच्या ज्या खात्यावर कोणीच हक्क सांगत नाही ते निष्क्रिय ठरते, आणि त्यापुढे सात वर्षांनी त्यातील पैसा ज्येष्ठ नागरिकांच्या कल्याणनिधीत वर्ग होतो. बालकाच्या ठेवीने वृद्धांची सोय व्हावी, हा योगायोग विनोदी खराच. पण त्यानंतरही पंचवीस वर्षांपर्यंत खऱ्या धन्याला दावा करता येतो. तेव्हा जुन्या नावाचे एखादे पासबुक हाती लागले असेल, तर दत्तकाच्या हुकुमाची प्रत आणि आजचे ओळखपत्र घेऊन ज्या पोस्टाचा शिक्का त्यावर आहे तेथे जावे, आणि लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी.