इम्प्लांटचा खरबरीत पृष्ठभाग

पडलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवून त्यावर नवा दात चढविण्याची जी शस्त्रक्रिया आज इम्प्लांट या नावाने सर्वपरिचित आहे, तिचा पाया स्वीडनमधील संशोधक पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांनी घातला आणि १९६५ साली गोथेनबर्ग येथे पहिल्या रुग्णावर ती केली. त्यांचे स्क्रू लेथवर कातलेले, म्हणून बरेचसे गुळगुळीत असत. हाड त्यांना पक्के धरीपर्यंत तीन ते सहा महिन्यांची मुदत पाळावी लागे. पुढे पृष्ठभागावर बारीक कणांचा मारा करून व तो आम्लात कोरून मुद्दाम खरबरीत करण्याची पद्धत रूढ झाली. कारण अशा पृष्ठभागाला रक्ताची गुठळी दृढ धरून राहते, तिच्या आधाराने अस्थिपेशी थेट धातूपर्यंत पोहोचतात आणि तेथेच नवे हाड घडवू लागतात. एक ते दोन मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या एक-दोन सहस्रांशांइतका खरबरीतपणा हाडाला सर्वाधिक मानवतो असे दिसून आले, आणि प्रतीक्षेची मुदत पुष्कळदा सहा-आठ आठवड्यांवर आली. वरच्या जबड्यातील मऊ हाडाच्या बाबतीत तर या सुधारणेचे उपकार फार मोठे आहेत.

परंतु हाडाला हवा असलेला हा खरबरीतपणा तोंडातील जंतूंनाही तितकाच सोयीचा असतो. हिरडीतून वर येणाऱ्या भागाचा खरबरीतपणा ०.२ मायक्रोमीटरच्या पलीकडे गेला की त्यावर जंतूंचा थर अधिक साचतो. म्हणून तो भाग गुळगुळीत ठेवण्याची तजवीज बहुधा कारखान्यातच केलेली असते. खरा धोका हाडाची कड खाली सरकली म्हणजे उद्भवतो. हाडासाठी घडविलेले खरबरीत आटे तेव्हा हिरडीच्या खाचेत उघडे पडतात, जंतूंना तेथे आश्रय मिळतो, दंतवैद्याच्या हत्यारांनीही तो थर पुरता निघत नाही आणि सूज खोल जाऊन हाड झिजत राहते. नैसर्गिक दाताभोवती हिरडीचे तंतू मुळात रुतलेले असतात, धातूशी ते केवळ समांतर राहतात. त्यामुळे निसर्गाचा बंदोबस्तही येथे दुबळा पडतो, आणि वेदना बहुधा फार उशिरा जाणवते.

तरीही गुळगुळीत स्क्रूंकडे सरसकट परतावे असे मी म्हणणार नाही. मध्यम खरबरीत स्क्रू दहा वर्षांहून अधिक काळ उत्तम टिकल्याचे दाखले विपुल आहेत. मात्र ज्यांना पूर्वी पायोरिया झाला आहे, जे धूम्रपान करतात, ज्यांचा मधुमेह ताब्यात नाही, त्यांनी विशेष खबरदारी घेतली पाहिजे. शस्त्रक्रियेनंतरचा एक्स-रे जपून ठेवा, इम्प्लांटच्या कडेची सफाई रोज करा, आणि तेथून रक्त येताच, दुखत नसले तरी, दंतवैद्याकडे जा.