ताटातली पोळी आणि डबीतली गोळी

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ माझ्याकडे मधुमेहाच्या उपचारासाठी येत. एकदा रक्तातली साखर बरीच वाढलेली दिसली, तेव्हा मी म्हणालो, "काका, भात-पोळी कमी करा." काका शिस्तीचे. दुसऱ्याच दिवसापासून त्यांनी भात आणि पोळी बंद केली, सकाळचे पोहेही सोडले. चौथ्या दिवशी अकराच्या सुमाराला मंडईत त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. जन्मभर सुटे पैसे मोजलेल्या माणसाला भाजीवाल्याचे पैसे मोजता येईनात. लोकांनी रिक्षात घालून आणलं. साखर भरली ४८. काकू रडवेल्या होऊन म्हणाल्या, "डॉक्टर, पथ्य तर अगदी कडक पाळलं. मग असं का झालं?"

प्रश्न रास्त होता आणि चूक माझी होती. काका रोज सकाळी ग्लिमेपिराइडची गोळी घेत. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. आपण न्याहारी केली आहे की नाही, हे तिला कळत नाही. पूर्वीच्या जेवणाच्या हिशेबानं ठरवलेली गोळी काका आता जवळजवळ रिकाम्या पोटी घेत होते. जेवण कमी करा म्हणताना गोळीचं काय करायचं, ते मी सांगितलंच नव्हतं.

याचा अर्थ भात-पोळी कमी करणं चूक आहे, असा मात्र नाही. आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्या आहारातली सुमारे ६२ टक्के ऊर्जा पिष्टमय पदार्थ आणि साखर, म्हणजेच कर्बोदकं यांतून येते, असं त्यात दिसलं. आणखी एक गोष्ट दिसली. तांदूळ सोडून गहू किंवा भरड धान्य घेतलं, पण एकूण कर्बोदकं तेवढीच राहिली, तर मधुमेहाचा धोका कमी होताना आढळला नाही. कर्बोदकांचा थोडा वाटा डाळी-कडधान्यं आणि दूध-दही यांतल्या प्रथिनांना दिला, तर तो कमी आढळला. म्हणून "मी आता ज्वारीची भाकरी खातो" म्हणत तीन भाकऱ्या खाण्यात फारसा लाभ नाही. ज्वारीत तंतू अधिक, हे खरं. पण शंभर ग्रॅम पिठात सत्तर ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतातच.

तेव्हा कर्बोदकं जरूर कमी करा, पण आधी आपल्या औषधांची चिठ्ठी डॉक्टरांपुढे ठेवा. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्या आणि इन्सुलिन यांच्यामुळे साखर धोकादायक इतकी उतरू शकते. आहार घटला की यांचा डोस बहुधा घटवावा लागतो. नुसतं मेटफॉर्मिन चालू असेल, तर ही भीती फार कमी. ज्यांच्या नावाच्या शेवटी 'फ्लोझिन' येतं, त्या डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांची गोष्ट वेगळी आहे. त्या चालू असताना कर्बोदकं जवळजवळ बंद केली किंवा कडक उपास केला, तर रक्तात आम्लता वाढू शकते, आणि तेव्हा साखर फारशी वाढलेली दिसत नाही. उलट्या, पोटदुखी, धाप यांपैकी काही झालं तर थेट रुग्णालय गाठा.

टाइप-१ मधुमेहाच्या रुग्णांनी इन्सुलिन कधीही स्वतःहून बंद करू नये. गरोदर स्त्रियांनी आणि मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी असा बदल तज्ज्ञांच्या देखरेखीशिवाय करू नये. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांनी रक्तदाबही तपासत राहावा. तो उतरू शकतो.

आता प्रत्यक्ष करायचं कसं? एकदम काही बंद करू नका. एका जेवणातली एक पोळी कमी करा आणि तिच्या जागी वाटीभर मटकीची उसळ, कोशिंबीर, दही घ्या. आठवडाभर उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर तपासून वहीत लिहा. ती वही डॉक्टरांना दाखवा आणि मगच पुढची पायरी. उपासाच्या दिवशी दुहेरी सावध राहा. सकाळी रिकाम्या पोटी गोळी घेतल्यानं साखर उतरते आणि दुपारी साबुदाण्याच्या खिचडीनं उसळते, कारण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्टच. उपासाच्या दिवशी गोळी कधी आणि किती घ्यायची, ते आदल्या भेटीतच विचारून ठेवा.

घाम, थरथर, धडधड, अचानक चिडचिड किंवा बोलण्यात गोंधळ, ही साखर उतरल्याची लक्षणं. साखर ७० च्या खाली दिसली, किंवा तपासायला यंत्र नसलं, तरी तीन चमचे साखर किंवा ग्लुकोजची पूड पाण्यातून घ्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. सुधारणा नसेल तर तेवढीच परत घ्या, आणि मग काही तरी खा. पेढा, चॉकलेट नको. त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात पोचायला वेळ लागतो. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज घेणाऱ्यांनी ग्लुकोजच घ्यावं, कारण त्या गोळ्यांमुळे साध्या साखरेचा गुण उशिरा येतो. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. बरं वाटलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. वयस्कर माणसांत या गोळ्यांचा असर बराच वेळ टिकतो आणि साखर पुन्हा उतरू शकते.

काका त्या दिवशी तासाभरात शुद्धीवर आले, पण रात्रभर त्यांना रुग्णालयात ठेवावं लागलं. पुढे मी त्यांची गोळी निम्मी केली आणि पोळ्या चारच्या दोनवर आणल्या. सहा महिन्यांत साखर आटोक्यात आली. तेव्हापासून मी कुणालाही "भात-पोळी कमी करा" म्हणालो, की पुढचं वाक्य गोळीबद्दलचं असतं. तुमचे डॉक्टर ते बोलायला विसरले, तर तुम्ही विचारा: "जेवण कमी करतोय, मग गोळीचं काय?" विचारण्यात संकोच नको.